इनामदारबाईंची ‘रन’ची पेटी

मंगळवार, १८ जून. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. डोळ्यांच्या रुग्णालयात मोतीबिंदूच्या तपासणीसाठी मी माझ्या क्रमांकाची वाट पाहत बसलो होतो. समोरच्या रांगेत, चार खुर्च्या सोडून, इनामदारबाई येऊन बसल्या. नऊ वर्षांनी दिसल्या. सोबत त्यांच्या भावाची मुलगी नसरीन होती आणि नसरीनची सहा-सात वर्षांची मुलगी. बाईंनी एकदा माझ्या दिशेने मान वळवली. त्यांची नजर माझ्यावरून सरळ मागच्या भिंतीवर गेली. मी त्यांना दिसलो नाही.

उठून नमस्कार करणे हे माझे कर्तव्य होते. मी उठणारच होतो. तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या मुलीने त्यांना एक प्रश्न विचारला, बाईंनी त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर ऐकून मी जागेवरच बसून राहिलो. हे असभ्य वर्तन होते. त्याचे कारण सांगायचे तर बाई कोण, हे आधी सांगावे लागेल.

शमीम इनामदार. बुधवार पेठेत त्यांच्या वडिलांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते, दुकानामागे घर. एका खाजगी न्यासाने इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा बाई तिथे सहसंपादक झाल्या. मी ज्या छापखान्यात होतो त्याला कुलूप लागल्यावर त्याच कार्यालयात मुद्रितशोधक म्हणून रुजू झालो. बारा वर्षे आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. त्या मला ‘लेले’ म्हणत, मी त्यांना ‘बाई’. याहून अधिक जवळीक दोघांनीही दाखवली नाही.

पहिल्याच आठवड्यात न्यासाचे एक विश्वस्त कार्यालय पाहायला आले. बाईंशी पाच मिनिटे बोलल्यावर कौतुकाने म्हणाले, “तुमचं मराठी फारच शुद्ध आहे हो!”

“सवयीनं होतं,” बाई म्हणाल्या. “तुमचंही होईल.”

विश्वस्त पुढचे वर्षभर आले नाहीत.

बाईंकडे बरीच अक्षरे होती. पण त्यांचे खरे काम एकच क्रियापद होते. ‘रन’. जुन्या आवृत्तीत त्याला सहा ओळी होत्या: धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, वगैरे. बाई म्हणत, “या सहा ओळींत इंग्रज नुसता पळतोय. तो संसार कधी करतो?” इंग्रजीत हे एक क्रियापद घरातली सगळी कामे करते. नाक गळते, नळ वाहतो, रस्ता गावाकडे जातो, नाटक शंभर प्रयोग चालते, धुताना साडीचा रंग जातो, मनात गाणे घोळते, दुकान चालवले जाते, या सगळ्याला इंग्रजी ‘रन’ म्हणते. निवडणुकीत त्यांच्याकडे माणूस धावतो, आपल्याकडे उभा राहतो. बाईंचे मत असे की यात आपली भाषा अधिक सत्यवादी आहे, कारण निवडून आल्यावर तो बसतो.

या क्रियापदाचे त्यांनी साठाहून अधिक अर्थ वेगळे काढले आणि प्रत्येक अर्थासाठी साक्षीदार शोधायला निघाल्या. साक्षीदार हा त्यांचाच शब्द. डोक्यात सुचलेला मराठी प्रतिशब्द त्या कागदावर उतरवू देत नसत. तो शब्द कोणीतरी, ते काम करताना, सहज बोललेला ऐकू आला पाहिजे. मग पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी करायची: अर्थ, ऐकलेले वाक्य, बोलणाऱ्याचे नाव, ठिकाण, तो काय करत होता. एका अर्थाला दोन साक्षी, नोंद पुरी करायला निदान एक. साक्षीदाराला आधी काही सांगायचे नाही. चिठ्ठी झाल्यावर मात्र ती त्याला वाचून दाखवायची आणि नाव घालू का, असे विचारायचे. कोशात काम करणाऱ्याची साक्ष चालायची नाही. “आपण शब्दांचे दलाल,” बाई म्हणत. “दलालाला साक्षीला उभं करत नाहीत.”

न विचारता शब्द बोलवून घेण्याची त्यांची रीत मी प्रथम मंडईत पाहिली. पालेभाजी वेळेवर काढली नाही की ती वाढून बी धरण्याच्या मार्गाला लागते, त्यालाही इंग्रजीत ‘रन’च वापरतात. बाई एका मेथीवालीसमोर उभ्या राहिल्या आणि ढिगातली सर्वांत वाईट जुडी उचलून म्हणाल्या, “अगदी कोवळी आहे हो ही! हीच द्या.”

मेथीवालीने जुडी त्यांच्या हातातून काढून घेतली. “कोवळी? अवो बाई, फुलावर आलीया ती. डोळं हायेत का बटनं?”

बाईंनी पिशवीतून चिठ्ठी काढली. परतताना मला म्हणाल्या, “लेले, माणसाला प्रश्न विचारलात तर तो विचार करून बोलतो. त्याच्यासमोर चुकीचं बोला. दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. पुण्यात तर मुळीच नाही.”

बटणांवर त्या हसल्या नाहीत. हे मला त्या वेळी लक्षात घेण्याजोगे वाटले नाही.

संगणकावरच्या ‘रन’साठी आम्ही हिंजवडीला गेलो. ओळखीने एका कंपनीच्या बसमध्ये जागा मिळाली होती. जाण्यात दोन तास गेले. बाईंनी ते रस्त्यावरच्या पाट्या मला वाचायला लावण्यात घालवले. उपाहारगृहात बसल्यावर त्या शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “लेले, इथली मुलं म्हणे दिवसभर आज्ञावल्या धाववत असतात.”

शेजारी अमरावतीकडचा एक तरुण डबा खात होता. त्याने दोन घास सहन केले. “आजी, धाववत नाही कोणी. रन मारतो आम्ही.”

“मारता? बरं. मग?”

“मग काय! सकाळपासून तीनदा मारला, चालूनच नाही राहिला ना तो!”

बाईंनी दोन चिठ्ठ्या केल्या. ‘रन मारणे’ पाहून संपादक मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. हे मराठी आहे का, असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, “मारणं आपलं आहे. ते आपण कुणाकडून घेतलेलं नाही.” शब्द राहिला.

तिसरा प्रसंग माझ्या स्कूटरवरचा. लाल दिव्याला न थांबणे, हेही इंग्रजीत ‘रन’च. मी आयुष्यात एकदाच सिग्नल तोडला आहे. बाई मागे बसल्या होत्या. चौकात मी थांबलो होतो, खिशातला रुमाल काढत होतो. मागून बाई म्हणाल्या, “चला, सुटला.” मी निघालो. सुटलेला नव्हता. पुढे हवालदार उभा होता.

“आजोबा, या वयात सिग्नल तोडता? लाल दिसत नाही?”

बाईंनी चिठ्ठी काढली. “नाव काय आपलं?”

“माझं नाव? पावती मी फाडतोय, बाई.”

“फाडा. मी चिठ्ठी करते. ‘सिग्नल तोडणे.’ आपण फार चांगलं बोललात.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. “या काय करतात?”

“कोश,” मी म्हणालो.

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला.

या चिठ्ठीसाठी बाईंनी मला मुद्दाम लाल दिव्यात घातले, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. कार्यालयात मी ही गोष्ट तशीच सांगत असे, आणि बाई ती तशीच सांगू देत.

शेवटी एक अर्थ राहिला. एखादी गोष्ट एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या येते, त्यालाही इंग्रजीत ‘रन’ म्हणतात. बाईंनी त्याचे दोन भाग केले होते. चांगल्या गोष्टी सोप्या होत्या. “गाणं त्यांच्या घराण्यातच आहे”, “हुशारी रक्तातच आहे”, अशा साक्षी ढीगभर. दुसरा भाग आजाराचा. त्याला दोन वर्षांत एक साक्ष मिळेना. बाई दवाखान्यांत जाऊन बसल्या, औषधांच्या दुकानांत उभ्या राहिल्या, चुकीचे बोलून पाहिले. इथे त्यांची रीत चालली नाही. दम्याचा रोगी म्हणे, धुळीने झाला. मधुमेहवाला म्हणे, काळजीने. डोळे गेलेल्या माणसाने सांगितले, लहानपणी उन्हात खेळलो.

मी म्हणालो, “बाई, पुस्तकी शब्द आहेत. आनुवंशिक म्हणा, वंशपरंपरागत म्हणा.”

“ते डॉक्टर लिहितो. बोलतं कुणी?” मग म्हणाल्या, “लोकांना शब्द ठाऊक आहे, लेले. घरात लग्नाच्या मुली असतात. म्हणून कुणी बोलत नाही.”

त्याच सुमारास न्यासाने कळवले की कार्यालय मार्चअखेर बंद होईल. तोपर्यंत पुऱ्या झालेल्या नोंदी छापायच्या. अपुऱ्या असतील तिथे जुन्या आवृत्तीतला मजकूर घालायचा. म्हणजे एका चिठ्ठीअभावी बाईंचे अकरा वर्षांचे काम जाऊन त्या जागी जुन्या सहा ओळी येणार होत्या. बाईंनी पत्र वाचले नाही. मला वाचायला सांगितले. अलीकडे त्या बरेच कागद मलाच वाचायला सांगत. टेबलही त्यांनी खिडकीजवळ घेतले होते, आणि दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा दोनदा लागलेला मी पाहिला होता. मी विचारले नाही.

चार दिवस उरले तेव्हा मी एक चिठ्ठी केली. साक्षीदार दत्तात्रय सुतार, कसबा पेठ. वाक्य: “बापाचा दमा माझ्यात उतरला.” रंधा मारताना खोकत खोकत बोलला, मुलीने पाणी आणून दिले, तिच्यासाठी यंदा स्थळे पाहताहेत. असा माणूस नव्हता. शब्द मात्र खरा होता. लहानपणी मी तो घरात ऐकला होता. चिठ्ठी मी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसलो.

बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, तिरकी धरली आणि बराच वेळ वाचली.

“सुतार कसब्यात कुठे राहतात?”

“गणपतीच्या मागे.”

“चला. चिठ्ठी वाचून दाखवू त्यांना.”

मी उठलो नाही. टेबलावरचे मुद्रित उगाच सरळ केले आणि खोकलो. छापखान्यात असल्यापासून मला हा खोकला आहे.

“खोट्या साक्षीत सामान फार असतं, लेले,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. “रंधा, पाणी, मुलगी. आणि मुलगीच चुकली तुमची. जिच्यासाठी स्थळं बघताहेत तिच्यासमोर बाप हे वाक्य बोलत नाही. मरेल, पण बोलणार नाही.”

“शब्द बरोबर आहे, बाई.”

“शब्द बरोबर आहे. साक्ष खोटी आहे.” त्यांनी चिठ्ठी मला परत दिली. “फाडू नका. जवळ ठेवा.”

त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मला पुन्हा त्यावरून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

शेवटच्या दिवशी मंडळाची बैठक झाली. बाईंनी ‘रन’ची नोंद ठेवली. आजाराच्या अर्थापुढे त्यांनी एक आडवी रेघ ओढली होती आणि खाली लिहिले होते: ‘बोलण्यात ऐकू आला नाही.’

अध्यक्ष म्हणाले, “बाई, ही नोंद अपुरी आहे. जुनी घालू.”

“पुरी आहे. जेवढं ऐकलं तेवढं लिहिलंय. ऐकलं नाही, तेही लिहिलंय.”

“शब्द तुम्हाला येतो ना?”

“मला येऊन काय उपयोग? बोलतं कोण?”

“अहो, पण कोशात रिकामी जागा! पुण्यातले लोक काय म्हणतील?”

“म्हणतील कशाला? पत्र लिहून दुरुस्त करतील. तेच तर हवंय.”

कोणीतरी हसले, मग अध्यक्षही हसले. नोंद तशीच छापायला गेली. रेघेखाली एक ओळ वाढवली: साक्ष असल्यास कार्यालयास कळवावे. मी तिचे मुद्रित तपासले. खंड छापून आला तोवर कार्यालयाला कुलूप होते. बाहेरच्या पत्रपेटीची किल्ली मी मागून घेतली आणि वर्षभर, दर शनिवारी, जाऊन पाहिले. पत्र आले नाही.

चिठ्ठ्यांच्या पेट्या रद्दीत निघाल्या होत्या. ‘आर’ची पेटी मी घरी आणली. बाईंनी कशाचीच मागणी केली नाही. नसरीनचे लग्न त्याच वैशाखात होते. पत्रिका द्यायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. तेव्हा नावे आणि तारीख त्यांनी मला पत्रिकेत न पाहता सांगितली. त्यांच्या वडिलांनी शेवटची काही वर्षे पुस्तके हातांनी चाचपून बांधली, हे मला त्या लग्नात एका वृद्ध बांधणीकाराकडून कळले. तेव्हा मला सिग्नलचा अर्थ लागला. बाईंनी मला लाल दिव्यात घातले नव्हते. त्यांना दिसले नव्हते, आणि तसे म्हणण्यापेक्षा त्यांनी मला ती गोष्ट तशीच सांगू दिली होती. घरात लग्नाची मुलगी होती.

आता आज सकाळचे.

खिडकीतली मुलगी छोटीच्या नावाने कागद भरत होती. नाव, वय, पत्ता झाले. मग तिने विचारले, “घरात कुणाला काचबिंदू आहे का?”

“नाही,” नसरीन म्हणाली. ती विचार करून बोलली नाही. हे उत्तर तिच्या घरात तयार असणार.

“नाही काय, नाही?” बाईंचा आवाज पूर्ण दालनात गेला. “लिहा हो तुम्ही. उतरतो तो आमच्यात. माझ्या अब्बांना होता, हिच्या बापाला होता, मला आहे. आता या पोरीचे डोळे नीट तपासा.”

“फुफी, हळू,” नसरीन म्हणाली.

“हळू बोलून तिघांचे गेले.”

माझ्या शेजारी लुगडे नेसलेली एक म्हातारी होती. ती पुटपुटली, “आमच्यात बी हाय त्यो. कुनी बोलत न्हाई.” मी तिच्याकडे पाहिले नाही. मी खिशात चिठ्ठी शोधत होतो. नऊ वर्षे खिशात कोरी चिठ्ठी नसते. औषधाच्या पावतीच्या मागे वाक्य लिहून घेतले, आणि मग मला खोकला आला.

चिठ्ठी होण्यापूर्वी साक्षीदाराला कळता कामा नये. म्हणून मी उठलो नाही. बाईंचा क्रमांक पुकारला. त्यांनी छोटीच्या खांद्यावर हात ठेवला. वाट कोण कोणाला दाखवत होते ते मागून सांगता आले नसते. दारापाशी त्यांनी डाव्या हाताने चौकट शोधली, मुलीला आधी आत घातले, मग स्वतः गेल्या.

घरी येऊन जुन्या कागदाची एक चिठ्ठी कापली आणि लिहिली. एक प्रश्न उरला. कोशात काम करणाऱ्याची साक्ष चालत नाही. पण कार्यालय बंद होऊन नऊ वर्षे झालेल्या माणसाबद्दल नियम नाही. साक्ष चालते, असे मी ठरवले. संध्याकाळी सहा वाजता बाईंना फोन केला.

“लेले बोलतोय.”

“चिठ्ठी झाली का?”

मी चिठ्ठी जवळ ओढली.

“तुमचा खोकला काय मी विसरेन?” बाई म्हणाल्या.

“खोकला बोलण्याआधी ऐकलात, की नंतर?”

“नंतर.”

“मग साक्ष चालेल.” मी चिठ्ठी वाचून दाखवली. अर्थ, वाक्य, ठिकाण. “नाव घालू का?”

पलीकडे छोटी काहीतरी मोठ्याने वाचत होती. बाई तिचे एक वाक्य संपेपर्यंत थांबल्या.

“घाला,” त्या म्हणाल्या. “पूर्ण घाला.”

“मुलीचे डोळे?”

“सुरुवात आहे. वेळेवर आलात म्हणाले. थेंब दिलेत.” मग, “दुसरी साक्ष?”

“बाकी आहे.”

“मग बसलात काय? शोधा.” त्यांनी फोन ठेवला.

चिठ्ठीवर ‘शमीम इनामदार’ असे पूर्ण नाव लिहिले, खाली ‘दुसरी साक्ष बाकी’ अशी नोंद केली आणि ती पेटीत तिच्या जागी लावली. तिथे नऊ वर्षे दत्तात्रय सुतारांची चिठ्ठी ठेवलेली होती. ती काढून दोनदा फाडली. आमच्या इमारतीत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा लागतो. तुकडे सुक्यात टाकले.